संग्रहालयात दिसलेले चॉकलेट घरी का जमत नाही

जुळे सोलापूर भागातील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीकडे जर्मनीला गेल्या असताना त्यांनी कोलोन शहरातील चॉकलेट संग्रहालय पाहिले. काचेपलीकडे चालणारी यंत्रे पाहून चॉकलेट कसे तयार होते हे आपल्याला समजले, असे त्यांना वाटले. परत आल्यावर एप्रिल महिन्यात त्यांनी केरळहून कोकोच्या बिया मागवल्या, कढईत भाजून सोलल्या आणि साखर व थोडे दूध घालून मिक्सरमधून काढल्या. तेव्हा घट्ट, चरचरीत गोळा तयार झाला. दुसऱ्या वेळी कोको पावडर, पिठीसाखर आणि खाण्याचे खोबरेल तेल वापरून वड्या केल्या. त्या फ्रिजमध्ये घट्ट झाल्या आणि बाहेर काढल्यावर पाहता पाहता पातळ झाल्या. तिसऱ्या वेळी दुकानातले चांगले डार्क चॉकलेट वितळवून साच्यात ओतले, तर त्यावर पांढरट डाग उमटले. संग्रहालयात काही सांगायचे राहून जाते का, आणि दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना असे काही दाखवायचे झाल्यास कुठे न्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली अनेक वर्षे सोलापुरात बियांपासून चॉकलेट बनवतो, त्यामुळे या तिन्ही अनुभवांची कारणे मला ओळखीची आहेत. आपण विचारलेला प्रश्न कृतीचा वाटतो, परंतु माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. संग्रहालय यंत्रांचा क्रम उत्तम दाखवते. मात्र चॉकलेट ज्या दोन गोष्टींवर उभे आहे, म्हणजे वेळ आणि तापमान, त्या काचेतून दिसत नाहीत. जे काम शेतात आठवडाभर चालते ते एका चित्रफलकावर येते, जे दिवस-रात्र चालते ते एका फिरणाऱ्या भांड्यासमोर अर्ध्या मिनिटात पाहून होते, आणि ज्यात दोन अंशांचा फरक निर्णायक ठरतो ते बंद नळीच्या आत घडते. त्यामुळे आपल्याला क्रम समजला आणि कारण समजायचे राहिले. पुढचे सर्व उत्तर त्या कारणांविषयी आहे. यातील आकडे मार्गदर्शक मानावेत. बियांचा माल, यंत्र, ऋतू आणि एका वेळी घेतलेले प्रमाण यांनुसार ते थोडे बदलतात.

आपण पाहिलेले संग्रहालय स्टोल्वेर्क या चॉकलेट कंपनीचे प्रमुख हान्स इमहॉफ यांच्या पुढाकाराने १९९३ साली ऱ्हाईन नदीकाठी सुरू झाले. बहुतेक पाहुण्यांच्या लक्षात तिथले तीन मीटर उंचीचे चॉकलेटचे कारंजे आणि त्यात बुडवून हातात दिलेली वेफर राहते. मला विचाराल तर तिथली सर्वांत मोलाची जागा म्हणजे कोकोची झाडे असलेले उबदार, दमट काचगृह. ज्या पदार्थाला आपण युरोपचा समजतो त्याचे झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांच्या पट्ट्यातच नीट वाढते, त्याला सावली आणि ओलावा लागतो, आणि त्याची फुले व फळे फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा या झाडाला सोसत नाही. मात्र केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून ते चांगले येते, आणि आपण मागवलेल्या बिया अशाच बागांतून आल्या असाव्यात.

चॉकलेटची चव त्या बागेतच ठरते, म्हणून इथे थोडे थांबतो. कोकोच्या एका फळात साधारण तीस ते चाळीस बिया पांढऱ्या, गोडसर गरात गुंडाळलेल्या असतात. ताजी बी फोडून चाखली तर ती कडू-तुरट लागते आणि चॉकलेटचा मागमूसही त्यात नसतो. फळ फोडल्यावर गरासह बियांचा ढीग केळीच्या पानांखाली किंवा लाकडी पेट्यांत पाच ते सात दिवस आंबवतात. आधी यीस्ट गरातील साखरेचे मद्य करते. पुढे ढीग उलटापालटा केल्यावर हवा मिळून जिवाणू त्या मद्याचे ॲसिटिक आम्ल करतात आणि ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेने आणि आम्लाने बीमधील अंकुर मरतो, पेशींच्या भिंती फुटतात, तुरटपणा कमी होतो आणि पुढे भाजल्यावर ज्यांच्यापासून चॉकलेटचा वास तयार होतो ती द्रव्ये बीच्या आत घडतात. मग त्या उन्हात वाळवून ओलावा सुमारे सात टक्क्यांवर आणतात. आंबवणे कमी पडलेल्या बियांतून जगातील कोणतेही यंत्र चांगले चॉकलेट काढू शकत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की आपल्याकडे उरलेल्या बियांपैकी दहा-बारा घेऊन त्या सुरीने उभ्या कापा. आतून तपकिरी आणि भेगाळलेल्या दिसल्या तर त्या नीट आंबलेल्या आहेत. जांभळ्या दिसल्या तर आंबवणे अर्धवट आहे. पाटीसारख्या राखाडी आणि घट्ट दिसल्या तर ते झालेच नाही. बिया विकत घेताना मी आजही हीच तपासणी सर्वांत आधी करतो. थोड्या जांभळ्या बिया बहुतेक मालात असतात आणि त्याने बिघडत नाही. मात्र निम्म्याहून अधिक तशा निघाल्या तर पुरवठादार बदलावा.

भाजण्याबाबत फार लिहीत नाही, कारण तो भाग आपल्याला जमलेला दिसतो. कढईत बिया बाहेरून लवकर करपतात आणि आतून कच्च्या राहतात, म्हणून ओव्हन असल्यास १२० ते १४० अंशांवर वीस ते तीस मिनिटे भाजणे अधिक खात्रीचे आहे. गार झाल्यावर बिया भरडून टरफल पाखडावे, आणि यासाठी आपल्या घरातले सूप उत्तम काम देते. टरफल मागे राहिले तर चॉकलेट खरखरीत आणि मातकट लागते. एक किलो बियांतून साधारण पाऊण किलो स्वच्छ तुकडे, म्हणजे निब्ज, हाती येतात.

आता आपला पहिला गोळा. निब्जमध्ये निम्म्याहून थोडा अधिक भाग कोको बटर, म्हणजे बीच्या अंगचा स्निग्धांश, असतो. सोलापुरात शेंगाचटणी उखळात कुटताना दाणे आधी भुकटी होतात आणि मग अंगचे तेल सोडून ओलसर, चमकदार होतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. निब्जचेही तसेच होते, फक्त ते तेल साधारण ३४ अंशांखाली गोठते, म्हणून वाटण कोमट राहणे आवश्यक असते. कोरडे वाटण पुरेसे झाले की त्यात बाहेरचा एकही थेंब न घालता ते वाहू लागते. आपण त्यात दूध घातले तिथे गणित बिघडले. स्निग्धांशात पसरलेल्या साखरेच्या कणांना थोडेसे पाणी मिळाले की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि वाहता पदार्थ क्षणात घट्ट गोळा बनतो. ही अडचण केवळ आपलीच नाही. स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे दानिएल पेटर यांनी दुधातील पाण्यावर दीर्घकाळ झगडून १८७५ साली मिल्क चॉकलेट तयार केले, आणि आजही मिल्क चॉकलेटमध्ये घातले जाते ते दूध पूर्ण कोरडेच असते. घरी आपण चांगल्या प्रतीची दूध पावडर वापरावी. भांडे, चमचा आणि साखर हेही पूर्ण कोरडे असावेत.

चरचरीतपणाचे कारण वेगळे आहे. जिभेला साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण जाणवतो. म्हणून कारखान्यात तो पोलादी रुळांच्या मधून १५ ते २५ मायक्रॉनपर्यंत बारीक करतात. मिक्सरचे पाते कण कापते, रगडत नाही, त्यामुळे कितीही वेळ फिरवले तरी तितका बारीकपणा येत नाही आणि मोटर मात्र तापते. यावर उपाय आपल्या घरी आधीच असण्याची शक्यता आहे. इडली-डोशाचे पीठ वाटणारा दगडी वेट ग्राइंडर, ज्यासाठी कोइंबतूर प्रसिद्ध आहे, त्याच्याच सुधारित आवृत्त्या आज अमेरिकेपासून युरोपपर्यंत छोटे चॉकलेट उत्पादक वापरतात. दगडी रुळाखाली निब्ज आणि साखर एक ते दोन दिवस-रात्र फिरत राहिली की जिभेवर कण उरत नाही. घरचा ग्राइंडर इतका वेळ सलग चालवण्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून लहान प्रमाण घ्यावे, मधून मधून विश्रांती द्यावी आणि हाताने मोटरची उष्णता पाहत राहावी.

या टप्प्याला सोलापूरचा उन्हाळा मदत करतो. खोलीत ३८-४० अंश असताना वाटण आपोआप पातळ राहते. थंड प्रदेशातील कारागिरांना त्यासाठी भांडे बाहेरून तापवावे लागते. वीज गेली तर मात्र सावध राहावे. हिवाळ्यात तासाभरात वाटण गोठून दगड जखडतात, आणि वीज आल्यावर तसेच बटण दाबले तर पट्टा तुटतो किंवा मोटर जळते. अशा वेळी केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा कोमट ओव्हनमध्ये भांडे तापवून आतले वाटण पूर्ण सैल झाल्यावरच यंत्र सुरू करावे.

संग्रहालयात आपण एक मंद हलणारे भांडे पाहिले असेल आणि त्यासमोर फार वेळ थांबला नसाल. त्या क्रियेला कोंचिंग म्हणतात आणि ती १८७९ साली बर्न येथे रोडॉल्फ लिंट यांनी शोधली. त्याआधीचे चॉकलेट चावताना भुगा होणारे, कणीदार असे. लांबलचक घुसळण्याने उरलेला ओलावा आणि आंबवताना आलेले ॲसिटिक आम्ल उडून जाते, साखरेच्या प्रत्येक कणावर कोको बटरचा पातळ थर बसतो, आणि चॉकलेट तोंडात तुटून न पडता विरघळू लागते. दगडी ग्राइंडरमध्ये रगडणे आणि घुसळणे बऱ्याच अंशी एकत्रच होते. शेवटच्या काही तासांत झाकण थोडे उघडे ठेवले तर आंबट वाफ निघून जाते. ती वाफ नाकाला झोंबेनाशी झाली की काम होत आले असे मी समजतो, आणि या बाबतीत मी घड्याळापेक्षा नाकावर अधिक विश्वास ठेवतो.

आपल्या दुसऱ्या प्रयत्नाचे उत्तर इतिहासात आहे. १८२८ साली नेदरलँडमधील व्हान हौटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतील बरेचसे कोको बटर पिळून काढता येऊ लागले, आणि मागे उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे कोको पावडर. याचा अर्थ असा की कोको पावडरमधून चॉकलेटला घनपणा देणारा घटक मुळातच काढून घेतलेला असतो. १८४७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या फ्राय यांनी कोको आणि साखरेत वितळलेले कोको बटर पुन्हा मिसळले तेव्हा खाण्याची घट्ट वडी प्रथम शक्य झाली. आपण त्या जागी खोबरेल तेल घातले, जे सुमारे २४ अंशांवरच वितळते. सोलापुरात वर्षातील बहुतेक दुपारी तापमान त्याहून अधिक असते, त्यामुळे त्या वड्या फ्रिजबाहेर टिकणे शक्यच नव्हते. तूप घातले असते तरी त्या मऊच राहिल्या असत्या. या प्रयत्नात आपल्या हाताचा काही दोष नाही. स्निग्धांश बदलला की पदार्थच बदलतो.

तिसरा प्रयत्न, म्हणजे चांगले चॉकलेट वितळवून ओतल्यावर आलेले पांढरे डाग, हा माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते, आणि प्रत्येक प्रकाराचा वितळबिंदू निराळा असतो. पहिले चार प्रकार मऊ, अस्थिर आणि साधारण २८ अंशांच्या आत वितळणारे आहेत. पाचवा सुमारे ३४ अंशांवर वितळतो. आपल्याला हवा असतो तो पाचवा, कारण तो खोलीत घट्ट राहतो आणि तोंडात, शरीराच्या उष्णतेला, विरघळतो. त्याच्यामुळेच वडीला चकाकी येते, मोडताना टक् असा आवाज होतो, आणि गोठताना चॉकलेट किंचित आकसून साच्यातून अलगद सुटते. चॉकलेट नुसते वितळवून तसेच थंड होऊ दिले तर सर्व प्रकारांची सरमिसळ होते, पुढे अस्थिर स्फटिक हळूहळू रूप बदलतात, आणि काही कोको बटर पृष्ठभागावर येऊन पांढरट थर बसतो. आपल्या वडीवर तेच झाले असावे.

हे टाळण्यासाठी जी क्रिया करतात तिला टेंपरिंग म्हणतात. डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून जुने सर्व स्फटिक वितळवावेत. मग ते २७-२८ अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत हलकेच तापवावे, म्हणजे मधल्या वेळेत तयार झालेले अस्थिर स्फटिक वितळतात आणि पाचव्या प्रकाराचे उरतात. मिल्क चॉकलेटसाठी शेवटचे तापमान एक-दोन अंश कमी धरावे. घरी याहून सोपा मार्ग आहे: वितळलेल्या चॉकलेटमध्ये त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतके चकाकदार, न बिघडलेले चॉकलेट बारीक चिरून घालावे आणि ३१-३२ अंश येईपर्यंत ढवळत राहावे. त्या तुकड्यांतील योग्य स्फटिक विरजणाचे काम करतात. ३४ अंशांच्या वर गेले तर केलेले सर्व पुसले जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून अंदाजावर विसंबू नये; अन्नासाठी वापरायची साधी डिजिटल तापमापी घ्यावी. चॉकलेट साच्यात ओतण्याआधी सुरीच्या टोकावर थोडे पसरून पाहावे: वीस अंशांच्या खोलीत ते पाचेक मिनिटांत चकाकीसह सुकले तर ओतायला हरकत नाही.

इथे आपल्या गावाचा विचार आवश्यक ठरतो. टेंपरिंग आणि साच्यात भरणे यांसाठी खोली १८ ते २० अंशांची आणि शक्य तितकी कोरडी हवी. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वातानुकूलित खोलीशिवाय हे काम हाती घेऊ नये. पुष्कळजण अशा वेळी कूलर लावतात. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ मिसळून. चॉकलेटसाठी याहून प्रतिकूल हवा शोधूनही सापडणार नाही. ओलाव्याने पृष्ठभागावरची साखर विरघळते आणि सुकताना पुन्हा स्फटिक होऊन पांढरा, खरखरीत थर देते. फ्रिजमधून काढलेल्या उघड्या वडीवर दव जमते तेव्हाही हेच घडते. म्हणून आपल्या वडीवरचा थर नेमका कोणता हे तपासून घ्यावे: बोटाने हलके चोळल्यावर तो वितळून नाहीसा झाला तर तो कोको बटरचा आहे आणि टेंपरिंग सुधारावे, खरखरीत राहिला आणि पाण्याच्या थेंबाने विरघळला तर तो साखरेचा आहे आणि ओलावा रोखावा. दोन्ही थर आरोग्याला अपायकारक नाहीत. असे चॉकलेट पुन्हा वितळवून किंवा शिऱ्यात-केकमध्ये वापरता येते.

उन्हाळ्यात फ्रिजला पर्याय नसेल तर चॉकलेट कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावे, आणि डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. माझ्या स्वतःच्या कामाचे वेळापत्रक ऋतूप्रमाणेच चालते: वाटणाचे बरेच काम उन्हाळ्यात, आणि साच्यात भरण्याचे काम शक्य तितके जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, थंडीच्या पहाटे. आपणही पुढचा प्रयत्न डिसेंबर-जानेवारीत केलात तर निम्म्या अडचणी आपोआप दूर होतील.

एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक वाटतो. बाजारात कंपाउंड नावाची लादी मिळते, जिच्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. तिला टेंपरिंग लागत नाही आणि घरगुती चॉकलेट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वड्या त्याच लादीपासून बनतात. राखी-दिवाळीला मुलांबरोबर रंगीत वड्या करायच्या असतील तर ती खुशाल वापरावी. मात्र चॉकलेट कसे बनते हे शिकायचे असेल तर ती उपयोगाची नाही, कारण शिकण्यासारखे सर्व काही कोको बटरमध्येच आहे. विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. तिथे कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड वेजिटेबल फॅट, हे स्पष्ट लिहिलेले असते.

आता नातवंडांना कुठे न्यावे. उटीला चॉकलेट संग्रहालय आहे आणि लहान मुलांना तिथे आनंद वाटेल. परंतु मला निवड करायला सांगितली तर मी तमिळनाडूत पोल्लाचीकडची किंवा केरळात इडुक्कीतील एखादी कोकोची बाग आधी दाखवेन. दक्षिण कर्नाटकात जायचे असल्यास पुत्तूर येथे सुपारी-कोको उत्पादकांच्या कॅम्प्को या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. आत प्रवेश मिळेल का हे आधी पत्राने किंवा दूरध्वनीने विचारून घ्यावे. बागेत गेल्यावर मुलांना ताज्या फळातील पांढरा गर चोखायला द्यावा, मग आंबत असलेल्या ढिगावर हात धरून त्याची उष्णता अनुभवू द्यावी, आणि ताजी, आंबवलेली व वाळवलेली अशा तीन बिया कापून शेजारी शेजारी ठेवाव्यात. संग्रहालयात गेलात तर कारंज्याजवळचा वेळ थोडा कमी करून तिथल्या कर्मचाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत: बिया किती दिवस आंबवलेल्या आहेत, कोंचिंग किती तास चालते, आणि साच्यात पडताना चॉकलेट किती अंशांवर असते. त्यांच्या उत्तरांची नोंद करून ठेवावी, आणि डिसेंबरमध्ये घरी काम करताना ती वही तापमापीशेजारी उघडी ठेवावी. तोवर आपल्या उरलेल्या बिया कापून पाहिल्यावर त्या कोणत्या रंगाच्या निघाल्या हे कळवलेत, तर त्या मालासाठी भाजण्याचा वेळ किती ठेवावा हे मी नेमके सांगू शकेन.